बाबांच्या मागची भिंत

चार वर्षं झाली, बाबा एकाच खुर्चीत बसतात. त्यातली तीन वर्षं मी त्यांचीच चित्रं काढते आहे. ऐकणाऱ्याला वाटतं, वडिलांवर केवढी माया. खरी गोष्ट अशी की इंदूरच्या सुदामा नगरातल्या आमच्या घरात तासभर न हलता बसणारं दुसरं कोणी नाही, आणि मॉडेल शोधत गावभर फिरायला मला सवड नाही. आम्ही दोघं एकमेकांच्या वाट्याला आलो, इतकंच.

बाबा सरकारी बांधकाम खात्यात ड्राफ्ट्समन होते. शाळा, पाण्याच्या टाक्या, तहसिलीच्या इमारती, सगळ्यांचे नकाशे त्यांच्या उजव्या हाताने काढले. लकवा मारला तो नेमका त्याच बाजूला. माझं लग्न मोडून मी त्याआधीच माहेरी परत आले होते, आई गेलेली होती, त्यामुळे आता यांचं कोण करणार हा प्रश्न आमच्या घरात कोणी विचारलाच नाही. भाऊ पुण्याला असतो. दर रविवारी त्याचा फोन येतो. "तू आहेस ना तिथे, मग टेन्शन नाही," असं म्हणून तो फोन ठेवतो. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की तो 'तू' म्हणतो तेव्हाच मला चिडायला होतं.

मी अन्नपूर्णा मंदिराजवळच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. दुपारी दोनला घरी येते. तोवर एक बाई बाबांपाशी थांबतात. मी आत पाऊल टाकलं की त्या बाहेर पडतात, आणि मग दुसऱ्या दिवशी सकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत येईपर्यंत घरात मी आणि बाबा. इंदूर सोडून आम्ही शेवटचे गेलो ते मानपुरला, नात्यातल्या एका लग्नाला. तिथल्या बाथरूमची पायरी बाबांना चढवेना, म्हणून जेवायच्या आधीच परत आलो. त्यानंतर कुठे जायचा विषय आम्ही काढलेला नाही.

कॉलेजात मी एचिंग शिकले होते. जस्ताच्या गुळगुळीत प्लेटवर मेणाडांबराचा पातळ लेप द्यायचा, त्यावर सुईने चित्र ओरखडायचं आणि प्लेट ॲसिडमध्ये सोडायची. जिथे सुईने लेप निघाला तिथेच ॲसिड धातू खातं. जितका वेळ ठेवाल तितकी रेघ खोल, आणि खोल रेघेत शाई जास्त बसते म्हणून ती छापात जास्त काळी. लेप धुऊन प्लेटला शाई भरायची, मलमलीने पुसायची आणि ओल्या कागदासकट दाबयंत्रातून फिरवायची. माझं छोटं दाबयंत्र मी एका वेल्डरकडून करून घेतलं. बाबा त्याला चरक म्हणतात, कारण ते उसाच्या रसाच्या गाडीवरून चोरून आणल्यासारखं दिसतं. ते पुढच्या खोलीत, बाबांच्या खुर्चीपाशीच असतं. ॲसिडचा ट्रे मागच्या ओट्यावर, जाळीच्या आत.

कॉलेजातले आमचे सर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचे. "देखो, सफेद तुम्हारे पास है ही नहीं. जो छोड़ोगे, वही उजाला है." तेव्हा मी ते वहीत लिहून घेतलं आणि विसरले. माणूस काढायला बसल्यावर ते कळायला लागलं. आमच्या खोलीत एकच खिडकी, ती बाबांच्या डाव्या हाताला. दुपारचा उजेड तिथून त्यांच्या टकलावर पडतो. तिथे रेघ काढली की डोकं मडक्यासारखं दिसतं. म्हणून कानामागून निघालेली रेघ मी टाळूपाशी तोडली आणि थेट कपाळावर पुन्हा सुरू केली. मधली जागा रिकामी. बघणाऱ्याचे डोळे ती जागा आपोआप भरतात आणि त्यांना वाटतं, तिथे ऊन आहे.

बाबांना तसं काही वाटलं नाही.

"टाळूची लाइन कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"तिथे उजेड आहे, बाबा."

"बेटा, बाउंड्री अधुरी सोडली की नक्शा वापस येतो."

"हा नक्शा नाहीये."

"मग काय आहे? पानी आलं की पूरं आत शिरेल."

त्यांच्या लेखी रेघ म्हणजे भिंत. एका जाडीची, सुरू झाली की कोपऱ्यापर्यंत जाणारी. थरथरलेली रेघ त्यांनी उभ्या नोकरीत कागदावर ठेवली नाही. माझ्या रेघा कुठे जाड, कुठे केसासारख्या, कुठे अर्ध्यातच सोडलेल्या. त्यांना त्या बघवत नसत, तरी बसत.

ते इतक्या राजीखुशीने का बसत, याला कारण पहिला छाप. बैठकीत त्यांचा डावा हात सारखा चुळबुळ करायचा, म्हणून मी त्यात त्यांची जुनी फुटपट्टी धरायला दिली होती. उजवा मांडीवर पडलेला, तो आपोआपच स्थिर. छापात सगळं उलटं येतं. डावीकडचं उजवीकडे, उजवीकडचं डावीकडे. हे मला ठाऊक होतं, पण प्लेटवर काढताना मी त्याचा विचारच केला नव्हता. कागद उचलला आणि बाबांसमोर धरला, तेव्हा कागदावरच्या म्हाताऱ्याने फुटपट्टी उजव्या हातात धरली होती.

बाबांनी मान पुढे काढून बघितलं. म्हणाले, "हा तर सीधा हात आहे."

"छापात उलटं येतं ना."

"माहीत आहे मला. ट्रेसिंग पलटलं की पलटून येतं. मी काय काल पैदा झालो?" मग पुन्हा म्हणाले, "तरी पण सीधा हात आहे."

तो छाप त्यांनी समोरच्या कपाटाला चिकटवायला लावला. त्यानंतर बसा म्हटलं की ते बसायचे. कधी कधी तर मी शाळेतून आले की फुटपट्टी आधीच हातात असायची.

गेल्या पावसाळ्यानंतर बडोद्याच्या एका छापचित्रांच्या स्टुडिओचं पत्र आलं. वर्षभर तिथे राहून काम करायचं, राहायला खोली, मोठं दाबयंत्र, सोबतीला माझ्यासारखेच चारपाच जण. त्याआधी मनुष्याकृतींचे पाच छाप डिसेंबर संपायच्या आत पाठवायचे, ते पसंत पडले तर बोलावणार. पत्र मी स्वयंपाकघरात उभ्याने तीनदा वाचलं. दोन वर्षांपूर्वी असंच एक बोलावणं आलं होतं आणि मी त्याच दिवशी नाही कळवून मोकळी झाले होते. या वेळी नाही लिहायला हात उचलेना. मला जायचं होतं. इतकं जायचं होतं की बाबांचं जेवण वाढताना माझी त्यांच्याशी नजर मिळेना.

भावाला फोन करून विचारलं, वर्षभर बाबांना नेशील का. तो म्हणाला, "बघू." आमच्या घरात बघू म्हणजे नाही. पण छाप तर तयार करून ठेवावेत, असं मी ठरवलं. बाबांना काही सांगितलं नाही. तीन छाप पाठवण्यासारखे होतेच, दोन हवे होते.

चौथ्या प्लेटवर माझं डोकं फिरलं. बाबा नेहमीसारखे खुर्चीत, पाचपंचवीस रेघांत आले. मग मी त्यांच्या मागची भिंत घेतली. बाजूच्या खिडकीची जाळी, कूलर, औषधांचे डबे, कॅलेंडर, मागच्या फडताळाचं कुलूप, फरशीच्या फटी. रोज दुपारी त्यांना चहा दिला की मी सुई घेऊन बसायचे आणि भिंत भरायचे. आडव्या रेघा, त्यावर उभ्या, त्यावर तिरप्या. सरांचं वाक्य कानात होतं, पण मोकळं सोडायला हात होईना. या घरात मोकळी जागा होती कुठे? ती कागदावर दाखवणं मला चक्क खोटं बोलल्यासारखं वाटायचं. राग यायचा आणि त्या रागाने रेघा निघायच्या. तीन आठवड्यांत बोट ठेवायला जागा उरली नाही.

रविवारी दुपारी प्लेट ॲसिडमध्ये घातली. आधी चार मिनिटं, तेवढ्यात बाबांच्या अंगावरच्या बारीक रेघा झाल्या. बाहेर काढून, धुऊन, वाळवून बाबांवर ब्रशने वार्निश लावलं, म्हणजे आता ॲसिड त्यांना शिवणार नव्हतं. राहिली भिंत. तिला अजून बारा मिनिटं द्यायची होती. प्लेट पुन्हा सोडली आणि कबुतराच्या पिसाने बुडबुडे बाजूला सारत बसले. दोन मिनिटंही झाली नसतील.

"बेटा, ये जरा. जल्दी."

मी गेले. बाबांना बाथरूममध्ये नेणं म्हणजे वॉकर, चपला, दाराचा उंबरा, मग भिंतीवरची दांडी, प्रत्येक ठिकाणी थांबत. तिथे बसले आणि काही झालं नाही. "थांब जरा," म्हणाले. मी दाराशी थांबले. काही झालं नाही. परत आणलं तर पाणी मागितलं. पाणी दिलं तर उशी सरकली म्हणाले. उशी लावली तर पंखा कमी कर. मी ओट्यावर परत आले तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती.

भिंतीवरचा लेप काळ्या पापुद्र्यांसारखा ॲसिडवर तरंगत होता. खाली रेघा नव्हत्याच. इतक्या जवळजवळ काढलेल्या होत्या की ॲसिडने मधला धातूही खाऊन टाकला आणि सगळं मिळून एक उथळ खड्डा झाला. तीन आठवड्यांची मेहनत पाण्यात गेली.

मी हात धुतले, आत गेले आणि बाबांवर ओरडले. "दहा मिनिटं दम काढता येत नाही का तुम्हाला?" त्यांनी मान खाली घातली. लहान मुलावर ओरडल्यावर निदान ते रडतं तरी. बाबांची मान खालीच राहिली, त्यामुळे मी अजून ओरडले. काय काय बोलले ते लिहायची मला लाज वाटते.

आठवडाभर ती प्लेट ओट्याखाली पडून होती. पुढच्या रविवारी नुसतं बघायचं म्हणून शाई भरली आणि यंत्रातून काढली. कागद उचलला आणि स्टूल ओढून बघत बसले. शाई धरायला बारीक खोल रेघ लागते. पसरट खड्ड्यातून शाई पुसून निघून जाते. जिथे मी सगळ्यात काळं करायला गेले होते तिथेच कागद जवळजवळ कोरा आला होता, दुधात पाणी जास्त झाल्यासारखा. जाळी नाही, फडताळ नाही, कॅलेंडर नाही. फक्त खड्ड्याच्या काठावर जिथे वार्निश संपलं तिथे थोडी शाई अडकली आणि बाबांच्या भोवती एक बारीक काळी कड उमटली. त्या उजेडात माझ्या पाचपंचवीस रेघांचे बाबा बसले होते. त्यांच्या अंगावरची प्रत्येक रेघ आता दिसत होती, कारण तिच्याशी भांडायला दुसरं काही उरलंच नव्हतं. मी केलेलं ते सगळ्यात चांगलं काम होतं आणि ते मी केलेलं नव्हतं.

बाबांना दाखवायचं माझ्या मनात नव्हतं. पण त्यांनी कागद फडफडलेला ऐकला होता.

"घर कुठे गेलं?" त्यांनी विचारलं.

"ॲसिडने खाल्लं. बिघडली प्लेट."

त्यांनी कागद डाव्या हाताने मांडीवर घेतला. मग डोळ्यांजवळ नेऊन म्हणाले, "बिघडली कशी? आमच्या इथे चारी तरफ खुली जागा सोडल्याबिगर नक्शा पासच होत नव्हता. हा पास आहे."

मी हसले. मला वाटलं, ते माझी समजूत घालतायत. तेव्हा ते खाली बघत म्हणाले, "त्या दिवशी मला लागली नव्हती. आवाज असाच दिला."

मला आधी कळेना. मग त्यांनी सांगितलं. भावाने फोनवर बोलता बोलता सगळं सांगून टाकलं होतं, बडोदा, वर्ष, पाच छाप. त्यांनी मनात हिशोब धरला होता. ही चौथी. मी ओट्यावर गेले की काही वेळ उठू शकत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं. "मला वाटलं, एक खराब झाली तर यंदाचं राहून जाईल," ते म्हणाले. "डर वाटला, बेटा. सच सांगतो."

मला भयंकर राग आला. आणि तो तोंडापर्यंत येऊन अडकला, कारण एक गोष्ट मलाही ठाऊक होती. चाळीस वर्षं मी त्यांची हाक ऐकते आहे. खरी कुठली आणि उगीच मारलेली कुठली, हे मला ओट्यावरूनही कळतं. त्या दिवशीही कळलं होतं. शिवाय उठताना प्लेट ट्रेमधून बाहेर काढून पाण्यात ठेवायला अर्धं मिनिट पुरलं असतं. कुठलाही एचिंग करणारा ते आधी करतो. मी केलं नाही. मी पीस खाली ठेवलं आणि गेले. प्लेट बिघडली असती तर मला जावं लागलं नसतं आणि दोष बाबांचा राहिला असता. इतकी वर्षं सगळं त्यांच्यावर ढकलायची मला सवय झाली होती. जायची भीती एकट्या बाबांना वाटत नव्हती.

हे मी त्यांना सांगितलं नाही. "चहा ठेवते," म्हणाले आणि आत गेले.

पाचवी प्लेट मी घाईने केली. बाबांना खिडकीकडे तोंड करून बसवलं, मागून काढलं. पाठीचा बाक, मान, खुर्चीची पाठ, बस. खांद्यावर ऊन पडलं होतं, तिथे सुई टेकवलीच नाही. खुर्ची मात्र गडद काळी हवी होती, म्हणून तिला पंचवीस मिनिटं द्यायची होती. रविवार होता. बाबांना विचारलं, "जाऊन यायचंय का आधी?" ते म्हणाले, "नाही नाही, तू कर."

मी पीस घेऊन बसले. हाक आली नाही. बुडबुडे येत होते, मी सारत होते, शेजारच्यांच्या कूलरवर कबुतरं घुमत होती. कित्येक वर्षांत सलग पंचवीस मिनिटं माझी अशी नव्हती. मला फार बरं वाटत होतं. वेळ झाल्यावर प्लेट काढली, धुतली, आणि मोह आवरेना म्हणून मागच्या मागे शाई भरूनही ठेवली. मग पुढच्या खोलीत यंत्राशी गेले. बाबांची माझ्याकडे पाठ होती. छाप काढला. काळी खुर्ची, कोरा खांदा, जसं हवं होतं तसंच. ओला कागद दोन्ही हातांत धरून मी त्यांच्या पुढे आले.

त्यांच्या मांडीवर टॉवेल होता. डाव्या हाताने त्यांनी खुर्चीची कड घट्ट धरली होती. पायजमा पार घोट्यापर्यंत भिजला होता आणि खाली फरशीवर पाणी पसरून सुकत आलं होतं.

"झाली?" त्यांनी विचारलं.

"झाली."

"चांगली आली?"

"हो."

"मग ठीक आहे."

"हाक का नाही मारलीत बाबा?"

त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "दम काढला थोडा," ते म्हणाले. "पण नाही जमलं."

मी कागद यंत्रावर ठेवला. त्यांना उठवलं, आत नेलं, गरम पाणी घातलं, कोरडे कपडे घातले. फरशी पुसताना मला रडू आलं, ते मी बादलीच्या आवाजात उरकून घेतलं.

पाचही छाप त्याच आठवड्यात पाठवले. फेब्रुवारीत होकार आला. भावाला फोन केला आणि या वेळी विचारलं नाही, सांगितलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात येऊन बाबांना घेऊन जा. तो बघू म्हणाला. मी म्हटलं, बघू नको, तिकीट काढ. त्याने काढलं. बाबांनी स्वतःची बॅग आत्तापासूनच खुर्चीशेजारी ठेवून घेतली आहे. तिच्यात फुटपट्टी आहे आणि कपाटावरचा छाप गुंडाळून ठेवला आहे.

अजून महिना आहे. मी दुपारी प्लेटा करते. आता बाबा हाक मारत नाहीत. पूर्वी हाक आली की जायचे आणि मनातल्या मनात चरफडायचे. आता दर पाच मिनिटांनी प्लेट ॲसिडमधून काढते, पाण्यात ठेवते, हात पुसते आणि आत जाते. ते म्हणतात, "काही नको, बेटा." मी तरी त्यांच्या मांडीवरचा टॉवेल उचलून बघते.